मधुमेह उपचारांचे आर्थिक मूल्यमापन: आराखड्यापासून अहवालापर्यंत, क्रमाने

मधुमेहाच्या उपचाराचा खर्च आणि त्याचा फायदा यांच्यामध्ये अनेक वर्षांचे अंतर असते. गोळीचे किंवा इन्सुलिनचे पैसे आज जातात. निकामी न झालेले मूत्रपिंड, टिकून राहिलेली दृष्टी, टळलेला हृदयविकाराचा झटका हे सगळे दहा-वीस वर्षांनी घडते, आणि ते कोणत्या रुग्णाच्या बाबतीत घडेल हे आधी सांगता येत नाही. या विषयावरचे बहुतेक अभ्यास याच अंतरात चुकतात. हाताशी असलेली बिले आधी गोळा केली जातात, सहा महिन्यांच्या एचबीए१सीशी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) त्यांचा भागाकार होतो आणि मग निष्कर्षाला शोभेल असा प्रश्न वर लिहिला जातो. तो आकडा कोणालाच निर्णय घ्यायला उपयोगी पडत नाही, आणि चुकीचा असेल तर ज्या रुग्णांसाठी हे सगळे चालले आहे त्यांचेच नुकसान करतो.

पदव्युत्तर प्रबंध करणारे, रुग्णालयात संशोधन करणारे डॉक्टर आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. टप्प्यांचा क्रम सहसा बदलू नका. पुढच्या टप्प्यातली चूक दुरुस्त करता येते. पहिल्या तीन टप्प्यांतली चूक लक्षात आली तर बहुधा माहिती पुन्हा गोळा करावी लागते.

## सुरुवातीची तयारी

तीन गोष्टी जवळ असल्याशिवाय सुरुवात करू नका. पहिली, लेखी विश्लेषण आराखडा. त्यात पुढचे सगळे निर्णय तारखेसह नोंदवायचे आणि नंतर काही बदलले तर कारणासह तेही लिहायचे. दुसरी, ‘चीअर्स २०२२’ ही आर्थिक मूल्यमापनाच्या अहवालासाठीची २८ मुद्द्यांची यादी. ती शेवटी भरायची असते असा समज आहे, पण सुरुवातीलाच वाचली तर कोणती माहिती गोळा करायची राहणार आहे ते कळते. तिसरी गोष्ट म्हणजे माणसे: मधुमेहाचे रुग्ण रोज पाहणारा एक डॉक्टर आणि संख्याशास्त्र जाणणारा एक सहकारी. रुग्णांपैकी कोणी चर्चेला बसायला तयार असेल तर जरूर बोलवा. उपचारातला कोणता भाग खरोखर जड जातो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

आधी हे ठरवा की तुम्हाला ‘आजाराचा आर्थिक भार’ मोजायचा आहे की ‘उपचारांचे आर्थिक मूल्यमापन’ करायचे आहे. पहिल्यात मधुमेहामुळे एकूण किती खर्च होतो ते कळते. दुसऱ्यात दोन किंवा अधिक उपचारांची खर्च आणि परिणाम अशा दोन्ही बाजूंनी तुलना होते. भाराचा अभ्यास करायचा आणि शेवटी ‘म्हणून अमुक औषध द्यावे’ असे लिहायचे, ही चूक सतत दिसते. भार कितीही मोठा असला तरी एखादा विशिष्ट उपचार त्याच्या किमतीला योग्य आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

मूल्यमापन करायचे ठरले, तर प्रश्नाच्या वाक्यात सहा गोष्टी हव्यात: कोणते रुग्ण, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणाचा खर्च, किती काळ, आणि कोणता परिणाम.

‘कोणते रुग्ण’ याचे उत्तर ‘टाइप २ मधुमेही’ एवढ्यावर सोडू नका. नुकतेच निदान झालेला चाळिशीतला माणूस आणि पंधरा वर्षे मधुमेह असलेली, मूत्रपिंडाचा त्रास सुरू झालेली सत्तरीतली स्त्री यांच्यात गुंतागुंतीचा मूळ धोकाच वेगळा असतो. औषधाने धोका दोघांतही सारख्याच टक्क्यांनी कमी झाला, तरी ज्याचा मूळ धोका मोठा त्याच्या बाबतीत प्रत्यक्ष टळणाऱ्या घटना जास्त असतात. म्हणून एकाच औषधाचे आर्थिक उत्तर दोन गटांत पूर्ण वेगळे येऊ शकते. उपगट करायचे असतील तर ते आत्ताच ठरवा. निकाल पाहून पाडलेले उपगट विश्वासार्ह नसतात.

तपासा: तुमचे वाक्य या विषयाबाहेरच्या डॉक्टरला वाचून दाखवा. ‘म्हणजे नेमके कोणाला, कशाऐवजी?’ असे त्याने विचारले तर वाक्य अजून अपुरे आहे.

## टप्पा २: तुलना कशाशी, हे ठरवा

तुलनेचा उपचार म्हणजे नवा उपचार नसता तर त्या रुग्णाला प्रत्यक्षात जे मिळाले असते ते. औषधांच्या चाचण्यांत अनेकदा तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, असते. आर्थिक अभ्यासात ती जशीच्या तशी उचलली जाते आणि स्वस्त, जुने, परिणामकारक औषध चित्रातूनच गायब होते. व्यवहारात असलेले सगळे पर्याय यादीत घ्या, अगदी सल्फोनिलयुरियासारख्या साखर उतरवणाऱ्या जुन्या गोळ्यासुद्धा.

मधुमेहात आणखी एक अडचण आहे. इथे उपचार एकदा देऊन संपत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी वाढत जातो. एका गोळीने भागेनासे झाले की दुसरी, मग इंजेक्शन. त्यामुळे तुलना दोन औषधांची नसते, दोन उपचारक्रमांची असते. दोन्ही क्रमांत पुढची पायरी कधी चढायची याचा निकष लिहून ठेवा. एका बाजूला एचबीए१सी ७.५ टक्क्यांवर गेल्यावर इन्सुलिन आणि दुसऱ्या बाजूला ८.५ वर, असे ठेवले तर तुम्ही औषधे तोलत नसून निकष तोलत आहात.

सावधान: दोन औषधांची थेट तुलना करणारी चाचणी नसेल, तर एका चाचणीतल्या गटाचा आकडा दुसऱ्या चाचणीतल्या गटातून सरळ वजा करू नका. दोन्ही चाचण्यांतले रुग्ण वेगळे असतात. समान तुलना-गटाच्या आधारे केलेली अप्रत्यक्ष तुलना किंवा नेटवर्क मेटा-ॲनालिसिस (अनेक चाचण्यांचे निकाल एका जाळ्यात जोडणारे विश्लेषण) वापरा.

## टप्पा ३: दृष्टिकोन, कालावधी आणि वटाव दर

खर्च कोणाचा मोजायचा? सरकारी आरोग्ययंत्रणेचा, विमा देणाऱ्याचा, रुग्णाच्या कुटुंबाचा की संपूर्ण समाजाचा? यातला कोणताही दृष्टिकोन चालतो. मध्येच बदललेला चालत नाही. विमा कंपनीचा दृष्टिकोन घेतला असेल तर रुग्णाचा प्रवास आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही. समाजाचा घेतला असेल तर सोबत आलेल्या नातेवाइकाचा वेळसुद्धा मोजावा लागतो. मधुमेहात घरच्या माणसांवर पडणारा भार फार मोठा असतो, म्हणून शक्य असेल तिथे पैसे देणाऱ्याच्या आणि समाजाच्या अशा दोन्ही दृष्टिकोनांतून उत्तर काढावे आणि दोन वेगळ्या तक्त्यांत द्यावे असे माझे मत आहे.

कालावधीबाबत तडजोड करू नका. दीर्घकालीन गुंतागुंतीवर परिणाम करणाऱ्या उपचारासाठी रुग्णाचे उर्वरित आयुष्य हाच योग्य कालावधी आहे. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या टाइप २ मधुमेहाच्या मोठ्या, दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात कडक नियंत्रणाच्या गटात दहा वर्षांतला एचबीए१सी ७.० टक्के आणि दुसऱ्या गटात ७.९ टक्के होता. १९९८ साली आलेल्या निकालात सूक्ष्म रक्तवाहिन्यांशी संबंधित गुंतागुंत २५ टक्क्यांनी कमी दिसली. पुढे २००८ मध्ये आलेला पाठपुरावा आणखी महत्त्वाचा आहे. चाचणी संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांतला एचबीए१सीचा फरक नाहीसा झाला होता, पण फायदा टिकून राहिला. कडक नियंत्रणासाठी सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू यांतली घट तर त्या पाठपुराव्यातच स्पष्ट झाली. दोन-तीन वर्षांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला यातले फारसे काही दिसले नसते.

भविष्यातला खर्च आणि फायदा आजच्या मूल्यात आणण्यासाठी वटाव दर, म्हणजे डिस्काउंट रेट, लावतात. ज्या देशासाठी अभ्यास आहे तिथल्या मार्गदर्शक सूचनांतला दर घ्या. इंग्लंडची नाईस ही संस्था खर्च आणि परिणाम दोन्हींसाठी ३.५ टक्के दर धरते. हा दर मधुमेहात किती निर्णायक ठरतो ते पाहा: वीस वर्षांनी मिळणाऱ्या १ एकक फायद्याचे आजचे मूल्य ३ टक्के दराने सुमारे ०.५५ येते, ५ टक्क्यांनी सुमारे ०.३८. औषधाचा खर्च सुरुवातीच्या वर्षांत असल्यामुळे त्यावर वटावाचा परिणाम थोडा होतो, दूरच्या फायद्यावर मोठा. म्हणून एकाच दरावर थांबू नका. शून्य टक्क्याचा निकालही द्या.

तपासा: खर्चाला वटाव लावला आणि आयुष्याच्या वर्षांना लावायचा राहिला, असे झालेले नाही ना?

## टप्पा ४: परिणामाचा पुरावा गोळा करा

इथे घाई सर्वांत महागात पडते. मधुमेहातल्या बहुतेक आर्थिक अभ्यासांचा डोलारा एका साखळीवर उभा असतो: औषधाने एचबीए१सी इतका उतरला, तो उतरल्यामुळे गुंतागुंत इतकी कमी होईल, त्यामुळे इतका खर्च वाचेल. साखळीतला मधला दुवा प्रत्येक औषधासाठी सारखा नसतो.

दोन उदाहरणे कायम लक्षात ठेवावीत. ॲकॉर्ड चाचणीत १०,२५१ रुग्ण होते आणि एका गटात एचबीए१सी ६ टक्क्यांखाली आणण्याचे लक्ष्य होते. त्या गटात मृत्यू जास्त झाल्यामुळे २००८ मध्ये हा उपचार मुदतीआधी थांबवावा लागला. एचबीए१सी खाली गेला, पण आयुष्य वाढले नाही. याच्या उलट २०१५ मध्ये आलेल्या एम्पा-रेग आउटकम चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिनने हृदयरोगाने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी केले, आणि दोन्ही गटांतला एचबीए१सीचा फरक मात्र इतका लहान होता की एवढा फायदा त्यातून समजावता येत नाही. पहिल्या औषधयोजनेचे मूल्य केवळ एचबीए१सीवरून काढले असते तर ते फुगले असते, दुसऱ्याचे खाली दबले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. त्या औषधावर हृदयविकार, मूत्रपिंड, मृत्यू यांसारख्या प्रत्यक्ष घटना मोजणारी चाचणी आहे का, ते आधी शोधा. असेल तर तिचाच परिणाम वापरा. नसेल तरच एचबीए१सी, वजन, रक्तदाब यांच्यामार्फत अंदाज बांधा आणि हा अंदाज आहे असे ठळकपणे लिहा. दोन्ही एकदम वापराल तर एकच फायदा दोनदा मोजला जाईल.

रुग्णालयाच्या किंवा विम्याच्या नोंदी वापरणाऱ्यांसाठी दोन सापळे. इन्सुलिन घेणाऱ्यांचा खर्च जास्त आणि आयुष्य कमी दिसते, कारण इन्सुलिन बहुधा आजार पुढे गेल्यावर सुरू होते. तो दोष औषधाचा नसतो, ते कोणाला दिले गेले याचा असतो. दुसरा सापळा असा: ‘ज्यांनी नवे औषध किमान एक वर्ष घेतले’ असा गट केला, तर त्या वर्षात दगावलेले आपोआप वगळले जातात आणि औषध जीव वाचवते असा खोटा भास होतो. यावर उपाय म्हणजे दोन्ही गटांत नव्याने औषध सुरू केलेले रुग्णच घ्या, तुलनेला त्याच पायरीवरचे दुसरे औषध ठेवा आणि मोजणी औषध सुरू झाल्याच्या दिवसापासून करा.

## टप्पा ५: खर्च मोजा

५.१ संसाधने आणि दर वेगळे नोंदवा. किती गोळ्या, किती भेटी, किती दिवस रुग्णालयात, हे एका रकान्यात. प्रत्येकाचा दर दुसऱ्यात. थेट एकूण बिल नोंदवले तर दुसऱ्या ठिकाणच्या वाचकाला त्याचा काही उपयोग नाही, आणि दर बदलल्यावर तुम्हालाही नाही.

५.२ बिल आणि खर्च एक नाही. रुग्णालयाने आकारलेली रक्कम म्हणजे सेवेला लागलेला खर्च नव्हे. औषधाची छापील किंमत आणि खरेदीदाराने प्रत्यक्ष मोजलेली किंमत यांतही मोठा फरक असू शकतो. तुमच्या दृष्टिकोनातून खरोखर कोणती रक्कम हातची जाते ती घ्या.

५.३ औषधाबरोबर येणारे सामान विसरू नका. इन्सुलिनबरोबर सुया, ग्लुकोमीटर, तपासणीच्या पट्ट्या, रुग्णाला शिकवण्यात गेलेला परिचारिकेचा वेळ आणि मात्रा बसेपर्यंतच्या जादा भेटी येतात. उघडलेली इन्सुलिनची बाटली ठराविक दिवसांनंतर, बऱ्याच प्रकारांत सुमारे चार आठवड्यांनी, टाकून द्यावी लागते. कमी मात्रा घेणाऱ्या रुग्णात वाया जाणारा भाग मोठा असतो. मात्रेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ४० युनिटची ‘ठरावीक दैनिक मात्रा’ उचलून लावतात, तेही टाळा. ते एकक औषधवापराच्या आकडेवारीसाठी आहे. तुमच्या रुग्णांची खरी मात्रा वापरा.

५.४ गुंतागुंतीचा खर्च दोन भागांत मांडा. घटनेच्या वर्षाचा खर्च वेगळा, त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचा वेगळा. पक्षाघातात पहिल्या वर्षी रुग्णालय असते, पुढे वर्षानुवर्षे फिजिओथेरपी आणि घरातली शुश्रूषा. दोन्ही एकत्र करून दरवर्षी लावले तर खर्च अवाच्या सवा फुगतो.

५.५ दुहेरी मोजणी शोधा. मधुमेहींचा सरासरी वार्षिक खर्च नोंदींतून घेतला असेल, तर त्यात गुंतागुंतीचा खर्च आधीच आलेला असतो. त्यावर पुन्हा डायलिसिसचा किंवा अँजिओप्लास्टीचा खर्च चढवू नका. भाराच्या अभ्यासात याचीच दुसरी बाजू दिसते. मधुमेही माणसाचा सगळा खर्च हा मधुमेहामुळे झालेला खर्च नसतो. वय आणि लिंग सारखे असलेल्या, मधुमेह नसलेल्या लोकांच्या खर्चाशी तुलना करून वाढीव भाग काढावा लागतो.

५.६ सरासरीच द्या. खर्चाची आकडेवारी एका बाजूला कललेली असते, म्हणून अनेक जण फक्त मध्यक देऊन मोकळे होतात. दहा रुग्णांपैकी नऊ जणांना १० एकक आणि एकाला २०० एकक खर्च आला, तर मध्यक १० येतो, सरासरी २९. पैसे भरणाऱ्याला एकूण २९० एकक लागणार आहेत, आणि ते फक्त सरासरीवरूनच काढता येतात. कल सांभाळायला बूटस्ट्रॅप (हाताशी असलेल्या नोंदींतून पुन्हा पुन्हा नमुने काढणे) किंवा गॅमा वितरणाचे जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल वापरा. लॉग घेऊन विश्लेषण केले असेल, तर मूळ मापात परत येताना दुरुस्ती लागते. नुसता उलटा लॉग घेतल्यास सरासरी खर्च सहसा कमी दिसतो.

तपासा: सगळे दर एकाच वर्षाच्या किमतीत आणले का? ते वर्ष अहवालात लिहिले का? परदेशी आकडा घेतला असेल तर आधी त्या देशातल्या महागाईने तो चालू वर्षात आणा, मग चलन बदला.

## टप्पा ६: आयुष्याची गुणवत्ता मोजा

उपचाराने आयुष्य वाढते आणि सुधारतेही. दोन्ही एकाच मापात बसवण्यासाठी क्वाली वापरतात. पूर्ण निरोगी अवस्थेतले एक वर्ष म्हणजे १ क्वाली. ०.७ गुणवत्तेने जगलेली दहा वर्षे म्हणजे ७ क्वाली.

ईक्यू-५डी प्रश्नावली सर्वाधिक वापरली जाते. हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना किंवा अस्वस्थता आणि चिंता किंवा नैराश्य ही तिची पाच अंगे. ती वापरताना त्या समाजासाठी तयार झालेला मूल्यसंच, म्हणजे उत्तरांचे एका गुणवत्ता-आकड्यात रूपांतर करणारा तक्ता, घ्या. तिची एक मर्यादा मधुमेहात फार जाणवते. ती ‘आज’ची स्थिती विचारते. मागच्या आठवड्यात मध्यरात्री साखर एकदम उतरून घाबरलेला रुग्ण आज ठीक असेल, तर ती रात्र आणि पुन्हा तसे होण्याची भीती उत्तरात पुरेशी उतरत नाही. हायपोग्लायसीमिया, म्हणजे असे साखर उतरणे, हा तुमच्या तुलनेचा गाभा असेल, तर त्याचे मोजमाप वेगळे करावेच लागेल.

गुंतागुंतीमुळे होणारी घट बहुतेक जण यूकेपीडीएसच्या रुग्णांवरून २००२ मध्ये काढलेल्या आकड्यांतून घेतात. त्यात गुंतागुंत नसलेल्या रुग्णाचे मूल्य ०.७८५ आहे. पक्षाघाताने त्यात ०.१६४, पाय किंवा बोट कापावे लागल्यास ०.२८०, हृदय निकामी झाल्यास ०.१०८ आणि एका डोळ्याची दृष्टी गेल्यास ०.०७४ इतकी घट होते. सुरुवातीचे मूल्य १ धरून त्यातून ही घट वजा करणे ही नेहमीची चूक. आणि एकाच रुग्णात या चारही घटना झाल्या व सगळी घट सरळ वजा केली, तर मूल्य ०.१५९ इतके खाली जाते. बेरीज करायची की गुणाकार, हे आराखड्यात लिहा आणि दुसऱ्या पद्धतीने निकाल किती हलतो तेही पाहा.

## टप्पा ७: मॉडेल निवडा किंवा बांधा

चाचण्या काही वर्षांत संपतात. उरलेल्या आयुष्याचा अंदाज मॉडेल देते. मधुमेहात एका गुंतागुंतीमुळे दुसरीचा धोका वाढतो, त्यामुळे एकेका रुग्णाचे आयुष्य संगणकावर चालवून त्याचा इतिहास लक्षात ठेवणारे मायक्रोसिम्युलेशन हे फक्त सध्याची अवस्था पाहणाऱ्या साध्या मार्कोव्ह मॉडेलपेक्षा बरे पडते. शून्यापासून बांधण्याआधी तयार मॉडेल पाहा: यूकेपीडीएस आउटकम्स मॉडेल, त्याची २०१३ ची दुसरी आवृत्ती, किंवा कोअर डायबेटिस मॉडेल. तयार मॉडेल वापरले म्हणून जबाबदारी संपत नाही. यूकेपीडीएसमध्ये १९७७ ते १९९१ या काळात, नुकतेच निदान झालेले ५,१०२ रुग्ण घेतले होते. आजच्या औषधांच्या आधीच्या काळातले, बहुसंख्य गोरे असे हे रुग्ण होते. तुमचे रुग्ण तसे नसतील, तर मूळ धोका स्थानिक माहितीशी जुळवून घ्यावा लागतो. टाइप १ मधुमेहासाठी तर ही समीकरणे वापरूच नयेत.

मॉडेलमध्ये निकाल फिरवणारी तीन गृहीतके असतात, आणि नेमकी तीच अहवालात अर्ध्या ओळीत उरकली जातात:

- औषधाचा परिणाम किती वर्षे टिकतो. चाचणीत दोन वर्षे दिसलेला फरक मॉडेलमध्ये आयुष्यभर तसाच ठेवणे फार उदार आहे.
- एचबीए१सी दरवर्षी किती वर सरकतो. यूकेपीडीएसमध्ये दोन्ही गटांत तो वर सरकला होता. एका बाजूलाच सरकू दिला तर उत्तर आधीच ठरलेले असते.
- औषध बंद केल्यावर किंवा पुढची पायरी चढल्यावर काय होते. औषधाचा खर्च थांबवला आणि फायदा चालू ठेवला, ही चूक सूत्रांच्या जंगलात सहज लपते.

सावधान: वाढलेल्या आयुष्यात रुग्ण औषधे घेत राहतो, त्याला नवे आजारही होतात. त्यामुळे चांगला उपचार आयुष्यभराचा एकूण खर्च वाढवू शकतो. यात वावगे काही नाही. ‘किमतीला योग्य’ आणि ‘पैसे वाचवणारा’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि माणसे जास्त जगली याची नोंद तोट्याच्या बाजूला करू नये.

## टप्पा ८: निकाल पाहण्याआधी मॉडेल तपासा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. दोन तास लागतात आणि महिन्यांची मेहनत वाचते.

१. दोन्ही बाजूंना एकच औषध द्या. फरक शून्य यायला हवा.
२. गुणवत्तेची सगळी मूल्ये १ करा. क्वाली आणि आयुष्याची वर्षे सारखी यायला हवीत.
३. वटाव दर शून्य करा. खर्च आणि क्वाली दोन्ही वाढायला हवेत.
४. औषधाची किंमत दुप्पट करा. फक्त औषधाचा रकाना हलायला हवा, क्वाली जागची हलता कामा नये.
५. मायक्रोसिम्युलेशनमध्ये रुग्णांची संख्या वाढवत न्या. उत्तर स्थिर होईपर्यंत थांबू नका.

मग बाहेरची कसोटी. मॉडेल बांधताना न वापरलेल्या एखाद्या चाचणीचे रुग्ण त्यात घाला आणि चाचणीत दिसल्या तेवढ्या घटना येतात का ते पाहा. मधुमेहाची मॉडेल करणारे गट ‘माउंट हूड चॅलेंज’ या नावाने एकत्र येऊन हेच करतात, आणि मॉडेलमधली माहिती पारदर्शकपणे कशी द्यावी याची यादीही त्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली आहे. ती सोबत ठेवा.

## टप्पा ९: निकाल काढा

वाढीव खर्चाला वाढीव क्वालीने भागले की वाढीव खर्च-परिणाम गुणोत्तर मिळते. पर्याय दोनच असतील तर काम सोपे आहे. तीन झाले की चूक होते. समजा अ पर्यायाचा खर्च १०० एकक आणि क्वाली ८.०, ब चा खर्च १३० आणि क्वाली ८.३, क चा खर्च २०० आणि क्वाली ८.४. प्रत्येकाची तुलना अ शी केली तर ब साठी १०० आणि क साठी २५० एकक प्रति क्वाली येतात. एका क्वालीसाठी जास्तीत जास्त किती मोजायचे याची मर्यादा ३०० ची असेल तर क सुद्धा बसतो असे वाटते. पण क ची खरी तुलना त्याच्या लगतच्या पर्यायाशी, म्हणजे ब शी करायची असते. तिथे ७० जादा एकक खर्चून ०.१ क्वाली मिळतो, म्हणजे ७०० एकक प्रति क्वाली. निवड ब ची व्हायला हवी होती. पर्याय खर्चाच्या चढत्या क्रमाने लावा, जास्त खर्च आणि कमी फायदा असलेले आधी काढून टाका, आणि मग प्रत्येकाची तुलना लगतच्या आधीच्याशी करा.

गुणोत्तर ऋण आले तर नुसता तो आकडा छापू नका. खर्च कमी आणि फायदा जास्त असला तरी ते ऋण येते, खर्च जास्त आणि फायदा कमी असला तरीही. शब्दांत लिहा.

## टप्पा १०: अनिश्चितता आणि अहवाल

एकेक आकडा बदलून निकाल किती हलतो ते आधी पाहा. मग सगळे आकडे एकाच वेळी त्यांच्या वितरणांतून उचलणारे संभाव्यताधारित विश्लेषण करा: गुणवत्तेसाठी बीटा, खर्चासाठी गॅमा, सापेक्ष धोक्यासाठी लॉगनॉर्मल. रुग्णारुग्णांतला नैसर्गिक फरक आणि आपल्या माहितीतली अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मायक्रोसिम्युलेशनचे हजारो रुग्ण फक्त पहिलीच दाखवतात. टप्पा ७ मधली तीन गृहीतके कोणत्याही वितरणात बसत नाहीत, म्हणून ती बदलून वेगळे निकाल काढा. माझ्या मते वाचकाने सर्वांत आधी हाच तक्ता पाहावा.

निर्णय घेणाऱ्याला आणखी एक आकडा लागतो: पुढच्या तीन-पाच वर्षांत तिजोरीतून प्रत्यक्ष किती पैसे जातील. ते बजेट परिणामाचे विश्लेषण. त्यात पात्र रुग्णांची संख्या, नवे औषध दरवर्षी कितींपर्यंत पोचेल याचा अंदाज आणि वटाव न लावलेला खर्च असतो. ते मुख्य विश्लेषणात मिसळू नका. क्वालीच्या हिशेबात उत्तम ठरलेले औषध लाखो रुग्णांना द्यायचे म्हटल्यावर परवडत नाही, असे होऊ शकते. तेव्हा दोन्ही उत्तरे खरी असतात आणि दोन्ही सांगायची असतात.

अहवालात प्रत्येक आकड्यापुढे त्याचा उगम, अनिश्चितता आणि किंमतवर्ष असलेला एकच मोठा तक्ता द्या. आराखड्यातून काय बदलले आणि का, ते लिहा. अभ्यासाला पैसे कोणी दिले आणि निकाल छापण्याआधी त्यांनी तो पाहिला होता का, हेही लिहा. शक्य असेल तर मॉडेलची फाइल जोडा. तुमच्या दरांऐवजी आपले दर घालून कोणीही उत्तर पुन्हा काढू शकेल, इतकी ती वाचनीय ठेवा.